मापातला डोळा

नाशिकच्या बाजारात बल्ब घेताना गिऱ्हाईक अजूनही ‘नऊ वॅटचा द्या’ म्हणतं. वॅट सांगतो तो बल्ब किती वीज खातो ते. उजेड किती पडतो ते नाही. ही सवय मात्र फार जुनी. देवळातल्या नंदादीपासाठी दान दिलं जाई तेही तेलाच्या मापानं. लंडनच्या १८६०च्या गॅस कायद्यानं प्रमाण मेणबत्ती ठरवली, तीसुद्धा जळणावरूनच: देवमाशाच्या डोक्यातल्या मेणाची, सहा मिळून एक पौंड भरणारी, तासाला १२० ग्रेन म्हणजे पावणेआठ ग्रॅम जळणारी. पण तिच्याशी गॅसचा दिवा ताडायची रीत पाहिली की वेगळीच गोष्ट लक्षात येते. कागदावर तेलाचा डाग पाडायचा, एका बाजूला मेणबत्ती, दुसरीकडे दिवा. दिवा मागेपुढे सरकवत डाग दिसेनासा झाला की दोन्हीकडून पडणारा उजेड सारखा. मग अंतरांच्या वर्गावरून दिव्याचा जोर काढायचा. प्रमाण मेणाचं असलं तरी निवाडा डोळ्याचाच होता.

प्रकाशाच्या मापांचा पुढचा इतिहास म्हणजे या डोळ्याला आकड्यात बसवण्याची खटपट. फ्रान्सचा कार्सेल दिवा वेगळा, जर्मनीचा हेफ्नर वेगळा. देशागणिक मेणबत्ती बदलायची. १९४८ साली कँडेला आला. गोठणबिंदूवरच्या प्लॅटिनमच्या तापमानाला आदर्श काळा पदार्थ दर चौरस सेंटिमीटरला ६० कँडेला तेज देतो, असं ठरलं. दिव्याचा एका दिशेतला जोर कँडेलात, त्यातून बाहेर पडणारा सगळा प्रकाश लुमेनमध्ये आणि चौरस मीटरवर पडणारा लक्समध्ये. भर दुपारचं ऊन सुमारे एक लाख लक्स, तर पौर्णिमेचं चांदणं पाव लक्सच्या आसपास. तरी डोळा दोन्हींत वाट काढतो. १९७९ साली प्लॅटिनमही गेलं. ५४० लाख कोटी हर्ट्‌झच्या हिरव्या प्रकाशाचा एक वॅट म्हणजे ६८३ लुमेन, हा आकडा ठरला. हिरवाच का? कारण उजेडात माणसाचा डोळा त्याच्या आसपास सर्वांत तीक्ष्ण असतो.

इथे कुणी म्हणेल, मीटर-किलोग्रॅमच्या पंगतीत माणसाच्या डोळ्याला पाट कशाला? भौतिकशास्त्रानं शुद्ध ऊर्जा मोजावी. आक्षेप रास्त आहे. ऊर्जा किती वेगानं खर्च होते ते मोजायला वॅट आहेच. पण इस्त्री आणि दिवा सारखेच वॅट खाऊ शकतात, म्हणून काही इस्त्रीच्या उजेडात पुस्तक वाचता येत नाही. शिवाय हा डोळा कुणा एकाचा नाही. कोणत्या रंगाला डोळा किती संवेदनशील, याची अनेकांवरच्या प्रयोगांतून सरासरी काढून १९२४ साली प्रकाशाच्या आंतरराष्ट्रीय आयोगानं तो आलेख प्रमाण केला. आज उजेड मोजणारं यंत्र त्याच आलेखावर वाचतं.

मात्र डोळा बदलला की हे माप निरुपयोगी ठरतं, आणि याचा दाखला नाशिकमध्येच आहे. त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके १९१३ साली आपलं चित्रपटाचं बिऱ्हाड नाशिकला घेऊन आले. त्या काळच्या फिल्मला निळा प्रकाश चटकन दिसे, तांबडा जवळजवळ दिसतच नसे. लाल कुंकू पडद्यावर काळं उमटायचं. माणसाला झगझगीत वाटणारा लाल दिवा त्या फिल्मला अंधारच. दिंडोरी तालुक्यातल्या मोहाडी-जानोरीच्या पॉलिहाऊसमधला गुलाबही आपल्या डोळ्यानं पाहत नाही. त्याला लाल आणि निळा फार कामाचा, तर लुमेनमध्ये सगळं वजन हिरव्या-पिवळ्याला. म्हणून वनस्पतींसाठी प्रकाशकण मोजतात: सेकंदाला, चौरस मीटरवर किती मायक्रोमोल.

तेव्हा एकच माप सगळ्यांवर लादण्यात अर्थ नाही. बल्ब घेताना खोक्यावरचे लुमेन वाचा. जुना ६० वॅटचा बल्ब साधारण ७०० लुमेन द्यायचा, तेवढे नऊ वॅटच्या एलईडीत आरामात मिळतात. अभ्यासाच्या टेबलावर लक्स पाहा. आणि पॉलिहाऊसमध्ये दिवे लावायचे असतील, तर विक्रेत्याकडे लुमेन मागू नका, मायक्रोमोल मागा.