केर ओढणारी काठी

केर काढण्याला काही इतिहास असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. लढायांचा असतो, शोधांचा असतो. केरसुणीचा कसला इतिहास? पण गेल्या काही वर्षांत घरोघरी दिसू लागलेला बिनवायरचा व्हॅक्यूम क्लीनर हातात घेतला, की त्याच्या प्रत्येक भागामागे एक गोष्ट निघते. हातात धरायची लांब काठी, टोकाला फिरणारा ब्रश, मुठीजवळ मोटर, धुळीचा पारदर्शक डबा आणि बॅटरी, एवढेच हे यंत्र. वजन साधारण अडीच-तीन किलो. विशेष म्हणजे शंभराहून अधिक वर्षांचा प्रवास करून ते पुन्हा झाडूच्याच आकाराला आले आहे.

वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातले कामरगाव डोळ्यांपुढे आणा. कपाशी, तूर आणि सोयाबीनचा हा मुलूख. इथली काळी माती पावसाळ्यात पायाला चिकटून घरात येते, आणि उन्हाळ्यात तीच पिठासारखी होऊन वाऱ्याबरोबर येते. तिच्याशी सामना करायला घरात शिंदीच्या पानांची केरसुणी, म्हणजे वऱ्हाडातला फडा, आणि अंगणासाठी तुराट्यांचा खराटा. दोन्ही साधने परिसरातल्या वनस्पतींपासून बनतात, त्यांना दुरुस्ती लागत नाही आणि लक्ष्मीपूजनाला नव्या केरसुणीची पूजाही होते. झाडूला तुच्छ लेखण्याचे कारण नाही. हजारो वर्षे टिकलेले ते तंत्रज्ञान आहे. अमेरिकेत १७९७ साली लेव्ही डिकिन्सन या शेतकऱ्याने ज्या पिकाच्या तुऱ्यांपासून झाडू बनवून विकायला सुरुवात केली, ते पीक ज्वारीच्याच जातीचे होते. तिकडच्या झाडूला मात्र लांब दांडा असतो. आपल्याकडे घरात झाडणारी व्यक्ती, म्हणजे बहुतेक वेळा बाई, कमरेत वाकलेली असते.

पण झाडू नेमके काय करतो? केर आणि धूळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कागदाचे कपटे, कचोळे, मातीचे खडे यांना झाडू पुढे ढकलतो आणि ते सुपलीत जातात. बारीक धूळ मात्र तो उडवतो. उडालेला कण खाली यायला किती वेळ घेतो, याचे गणित दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना स्टोक्सच्या नियमावरून सहज करता येईल. मातीचा कण १० मायक्रॉन व्यासाचा असेल, तर दीड मीटर उंचीवरून स्थिर हवेत जमिनीवर यायला त्याला सुमारे तीन मिनिटे लागतात. कण १ मायक्रॉनचा असेल तर सुमारे पाच तास! व्यास दहापट कमी झाला की वेग शंभरपट कमी होतो, म्हणून हा फरक. खोलीतली हवा कधीच स्थिर नसते, त्यामुळे असा कण प्रत्यक्षात त्याहूनही जास्त वेळ तरंगत राहू शकतो. आणि श्वासाबरोबर फुफ्फुसात खोलवर जातात ते हेच कण. झाडून झाल्यावर खोली स्वच्छ दिसते खरी, पण धुळीचा एक हिस्सा फक्त जमिनीवरून हवेत गेलेला असतो.

हे डोळ्यांनी बघायचे तर शाळेतली एखादी अंधारी खोली आणि छपरातून येणारा कवडसा पुरे आहे. झाडण्यापूर्वी आणि झाडल्यावर दर दहा मिनिटांनी तो कवडसा विद्यार्थ्यांकडून पाहून घ्यावा. जॉन टिंडल या भौतिकशास्त्रज्ञाने जानेवारी १८७० मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये प्रखर प्रकाशझोत सोडून हेच दाखवले होते. त्याच्या व्याख्यानाचा विषय होता धूळ आणि रोग.

धूळ उडवण्याऐवजी ओढून घ्यावी, ही कल्पना ह्यूबर्ट सेसिल बूथ या इंग्रज अभियंत्याने १९०१ साली यशस्वी करून दाखवली. लंडनमध्ये त्याने एका यंत्राचे प्रात्यक्षिक पाहिले होते. ते यंत्र हवेच्या झोताने धूळ उडवायचे आणि ती पुन्हा खाली बसायची. बूथची सांगितली जाणारी गोष्ट अशी, की उपाहारगृहातल्या खुर्चीच्या गादीवर त्याने रुमाल ठेवला, त्याला तोंड लावून जोराने हवा ओढली आणि रुमालाच्या खालच्या बाजूला धुळीचा काळा ठसा उमटला. गाळणी मध्ये ठेवून हवा ओढायची, हे सगळे तत्त्व त्या रुमालात आले. नावात 'व्हॅक्यूम' असले तरी यंत्रात निर्वात पोकळी नसते, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे. वायरच्या चांगल्या यंत्रातही आतला दाब बाहेरच्या दाबापेक्षा साधारण एकपंचमांशाने कमी असतो. धूळ 'ओढली' जाते म्हणजे खरे तर बाहेरची हवा तिला आत ढकलते.

बूथचे यंत्र घोडागाडीवर असे आणि नळ्या खिडक्यांतून घरात सोडत. सातव्या एडवर्डच्या १९०२ च्या राज्यारोहणाआधी वेस्टमिन्स्टर ॲबीतले गालिचे त्याने साफ केले. सामान्य घराला त्याचा काय उपयोग?

घरात मावणारे यंत्र बनवले ते जेम्स मरे स्पँगलर याने, आणि आम्हाला या सगळ्या इतिहासातला हाच माणूस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तो प्राध्यापक नव्हता की कारखानदार नव्हता. ओहायो राज्यातल्या कँटन गावी तो एका मोठ्या दुकानात झाडलोटीचे काम करी. त्याला दम्याचा त्रास होता आणि गालिचे झाडताना उडणाऱ्या धुळीने तो बेजार होई. त्याने पंख्याची मोटर घेतली, तिला झाडूचा दांडा जोडला आणि धूळ साठवायला मागे उशीचा अभ्रा बांधला. २ जून १९०८ रोजी त्याला पेटंट मिळाले. पुढे चामड्याच्या वस्तूंचा व्यापारी विल्यम हूव्हर याने ते विकत घेतले आणि यंत्राला हूव्हरचे नाव लागले. झाडणाऱ्याच्याच छातीला त्रास होत होता आणि उपाय शोधायचे स्वातंत्र्यही त्यालाच होते, म्हणून हे यंत्र जन्माला आले, असे आमचे मत आहे.

आपल्याकडे हे दोन्ही एकत्र आले नाही. झाडणे हे बायकांचे किंवा ठरावीक जातींचे काम, आणि घरात काय आणायचे हे ठरवणारे दुसरेच. या समजुतीला धक्का दिला तो याच परिसरात वाढलेल्या एका माणसाने. गाडगे महाराजांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. बालपण गेले ते कामरगावच्या कारंजा तालुक्याला लागून असलेल्या मूर्तिजापूर तालुक्यात, दापुरे येथे आजोळी. गावात शिरल्यावर आधी हातात खराटा घेऊन रस्ते झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे, हा त्यांचा क्रम १९५६ साली निधन होईपर्यंत चालू राहिला. २००० साली महाराष्ट्र शासनाने ग्रामस्वच्छता अभियानाला त्यांचेच नाव दिले. झाडणे हलके काम नाही हे त्यांनी लोकांच्या गळी उतरवले. झाडताना नाकातोंडात काय जाते, हा प्रश्न मात्र गावाच्या चर्चेत क्वचितच येतो.

भारतात व्हॅक्यूम क्लीनर मध्यमवर्गाच्या दारात आणला तो १९८२ साली स्थापन झालेल्या युरेका फोर्ब्सच्या विक्रेत्यांनी. टाय बांधलेला तरुण दिवाणखान्यात सोफ्याच्या गादीतली धूळ काढून दाखवी आणि घरची मंडळी अवाक होत. पण विकत घेतलेले यंत्र पुष्कळ घरांत माळ्यावर गेले. त्याचे कारण सरळ आहे. ते मुळात गालिच्यांसाठी होते आणि आपल्या घरांत असते ती फरशी. वायर सोडवायची, नळी जोडायची, प्लगसाठी खोली बदलायची, तोवर केरसुणीने घर झाडून होई.

वायर काढायची तर वीज साठवायला हवी. साध्या गणिताने अडचण कळते. १००० वॅटचे यंत्र २० मिनिटे चालवायला सुमारे ३३० वॉट-तास ऊर्जा लागते. मोटारीतल्या शिसे-आम्ल बॅटरीत किलोमागे ३५ वॉट-तास धरले, तर साडेनऊ किलोची बॅटरी काठीवर लटकवावी लागेल. १९७९ मध्ये ब्लॅक अँड डेकरने निकेल-कॅडमियम बॅटरीवर चालणारे हातात धरायचे छोटे यंत्र काढले, पण ते सांडलेली साखर उचलण्यापुरतेच. अडचण सुटली ती लिथियम-आयन बॅटरीने. १९९१ साली सोनीने ती बाजारात आणली. तिच्या संशोधनासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चे नोबेल मिळाले. किलोमागे २०० वॉट-तासांच्या आसपास ऊर्जा तिच्यात मावते. शिवाय काठीचे यंत्र नेहमीच्या वापरात शंभर-दीडशे वॉटवर भागवते, कारण फरशीवरची धूळ गालिच्यातल्या धुळीइतकी घट्ट बसलेली नसते. चार्ज केलेले यंत्र वीज गेली तरी चालते, आणि वऱ्हाडात याला किंमत आहे.

धुळीच्या डब्यातले तत्त्व तर आपल्या गावांना जुनेच आहे. दाल मिलच्या छपराशी पत्र्याचे शंकूसारखे नळकांडे दिसते ना, तेच. हवा आत गरगर फिरते, जड कण भिंतीवर आपटून खाली पडतात. जेम्स डायसनने ते घरगुती यंत्रात बसवण्यासाठी ५,१२७ नमुने करून पाहिले आणि १९९३ मध्ये आपल्या नावाचे यंत्र इंग्लंडच्या बाजारात आणले. अगदी बारीक कण मात्र या भोवऱ्यातूनही निसटतात. त्यासाठी मागे चांगली गाळणी हवी. ती नसली किंवा महिनोन्महिने धुतली नाही, तर यंत्र बारीक धूळ मागच्या बाजूने खोलीतच परत सोडते, म्हणजे खराट्याचेच काम महागड्या रीतीने करते.

शेणाने सारवलेल्या जमिनीवर हे यंत्र चालवू नये. ते सारवणच उचलू लागेल. तिथे आधी पाण्याचा हबका मारून झाडण्याची आपली जुनी रीत शास्त्रशुद्ध आहे, कारण ओले कण एकमेकांना चिकटून जड होतात. फरशीच्या घरात मात्र, दम्याचे कोणी असेल तर, काठीचा विचार जरूर करावा.

अमेरिकेतला एक अनुभव इथे नोंदवायला हवा. रूथ श्वार्ट्झ कोवान या इतिहासकार बाईंनी १९८३ साली दाखवून दिले, की घरगुती यंत्रे आल्यावर गृहिणीचे काम फारसे कमी झालेच नाही. पूर्वी वर्षातून एकदोनदा गालिचे अंगणात नेऊन झोडपायला घरातले पुरुष आणि मुलगे हात लावत. यंत्र आले, गालिचे दर आठवड्याला स्वच्छ हवेसे झाले, आणि ते काम एकट्या बाईचे ठरले. आपल्या घरांत ही काठी कोणाच्या हातात राहते, याची पाहणी एखाद्या वर्गाने आपापल्या वस्तीत करून पाहावी. प्रकल्पाला चांगला विषय आहे. वाकून आणि उभ्याने झाडताना किती वेळाने पाठ भरून येते, हेही त्यात विचारता येईल.

राहिला प्रश्न बॅटरीचा. काही शे वेळा चार्ज झाल्यावर तिची साठवण घटू लागते, म्हणजे रोजच्या वापरात काही वर्षांनी ती बदलावी लागते. झिजलेली केरसुणी उकिरड्यावर कुजून जाते. जुनी लिथियम बॅटरी तिथे टाकली तर आग लागू शकते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. त्यामुळे यंत्र विकत घेतानाच जुनी बॅटरी कुठे द्यायची आणि नवी कितीला मिळेल, हे दुकानदाराला विचारून पावतीमागे लिहून घ्यावे.