एकात्मिक विज्ञान अध्यापन

एकात्मिक विज्ञान अध्यापन म्हणजे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र इत्यादी शाखा स्वतंत्र विषय म्हणून न शिकवता 'विज्ञान' या एकाच शालेय विषयात गुंफून शिकवण्याची पद्धती होय. भारतातील बहुतेक शाळांत दहावीपर्यंत विज्ञान हा एकच विषय असतो. शाखांची फारकत अकरावीपासून होते.

संकल्पना

निसर्गातील घटना शाखांच्या सीमा पाळत नाहीत, हे या पद्धतीमागचे गृहीतक आहे. दुधाला विरजण लावण्याची घरगुती क्रिया पाहिली, तरी ते पटते. विरजणातील जीवाणू दुधातील शर्करेपासून लॅक्टिक आम्ल तयार करतात, त्या आम्लाने दुधातील प्रथिन साकळते, आणि थंडीत दही लवकर लागावे म्हणून भांडे कापडात गुंडाळताना उष्णतेच्या वहनास अटकाव केला जातो. यातील पहिली बाब जीवशास्त्राची, दुसरी रसायनशास्त्राची व तिसरी भौतिकशास्त्राची. दही मात्र एकच. तिन्ही शाखांचे धडे केवळ एका वेष्टनात बांधले, तर त्यास संकलन म्हणता येईल, एकात्मता म्हणता येणार नाही. अनेक पाठ्यपुस्तकांत हा भेद पुसट झालेला दिसतो.

भारतातील वाटचाल

माध्यमिक शिक्षण आयोगाने (१९५२-५३) 'सामान्य विज्ञान' सर्व विद्यार्थ्यांना अनिवार्य करण्याची शिफारस केली. पुढे कोठारी आयोगाने (१९६४-६६) नेमकी उलट भूमिका घेतली. सामान्य विज्ञानाचा प्रयोग यशस्वी झाला नाही, विषयाची बांधणी सैल राहिली, असे मत नोंदवून आयोगाने वरच्या प्राथमिक वर्गांत शाखानिहाय अध्यापन सुचवले. १९७५च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने उच्च प्राथमिक स्तरावर पुन्हा एकात्मिक विज्ञानाचा पुरस्कार केला, आणि २००५च्या आराखड्याने माध्यमिक स्तरावरही विज्ञान हा एकसंध विषय मानला. अवघ्या दोन दशकांत धोरण असे दोनदा पालटले. याच सुमारास युनेस्कोनेही एकात्मिक विज्ञानाचा जगभर प्रसार चालवला होता.

या इतिहासातील सर्वांत बोलका प्रयोग मध्य प्रदेशातील होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाचा होय. किशोर भारती आणि रसूलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी १९७२मध्ये १६ ग्रामीण शाळांत तो सुरू केला. १९७८मध्ये तो जिल्ह्यातील सर्व उच्च प्राथमिक शाळांत पोहोचला. 'बाल वैज्ञानिक' या पुस्तकांत तयार उत्तरे नव्हती. मुलांनी स्वतः प्रयोग करून, शेतशिवारात फिरून निष्कर्ष काढायचे होते. परीक्षेत पुस्तक उघडण्यास मुभा होती आणि प्रात्यक्षिकही द्यावे लागे. अध्यापन व मूल्यमापन दोन्ही एकदम बदलणारे असे उपक्रम विरळाच. राज्य शासनाने २००२मध्ये हा कार्यक्रम बंद केला.

महाराष्ट्र

बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांत तिसरी ते पाचवी 'परिसर अभ्यास', सहावी ते आठवी 'सामान्य विज्ञान' व नववीपासून 'विज्ञान आणि तंत्रज्ञान' अशी रचना दिसते. २०१८मध्ये आलेले दहावीचे पुस्तक मात्र दोन भागांत आहे. भाग १मध्ये गुरुत्वाकर्षण, विद्युतधारा, धातुविज्ञान यांसारखे, तर भाग २मध्ये आनुवंशिकता, जीवनप्रक्रिया यांसारखे पाठ आहेत. लेखी परीक्षाही प्रत्येकी ४० गुणांच्या दोन स्वतंत्र प्रश्नपत्रिकांत होते. वीजनिर्मितीचा 'हरित ऊर्जेच्या दिशेने' हा पाठ भाग २मध्ये, तर विद्युत जनित्रामागील तत्त्व भाग १मध्ये आहे. दोन्ही भाग भिन्न शिक्षकांकडे असल्यास हा दुवा जोडण्याचे काम विद्यार्थ्यावरच पडते.

आक्षेप

मुख्य अडचण शिक्षकाची आहे. पदवीला वनस्पतिशास्त्र घेतलेल्या शिक्षकाने प्रकाशाचे अपवर्तन तितक्याच आत्मविश्वासाने शिकवावे, अशी अपेक्षा धरली जाते. नावडत्या शाखेचा पाठ मग वाचून दाखवला जातो आणि प्रयोगसाहित्य कपाटातच राहते. अकरावीस विज्ञान शाखा घेणाऱ्यांचा पाया कच्चा राहतो, हा दुसरा आक्षेप. उलटपक्षी, दहावीनंतर विज्ञानाशी ज्यांचा संबंध सुटतो, अशा मुलामुलींना पिण्याचे पाणी, रोगप्रसार, खते वा वीज यांविषयी विचार करण्यास उपयोगी पडणारे विज्ञान या दहा वर्षांतच मिळायचे असते, याकडे समर्थक लक्ष वेधतात.