वडाप, काळी-पिवळी : कायदा काय सांगतो आणि अडतं कुठं?

पश्चिम महाराष्ट्रात वडाप, मराठवाडा-विदर्भात काळी-पिवळी. नाव वेगळं, प्रवास एकच. नऊ जणांची जीप, माणसं पंधरा, दोघं मागं लोंबकळत.

भाडं घेऊन माणसं न्यायची तर मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ६६ प्रमाणे परवाना लागतो आणि नंबर प्लेट पिवळी लागते. वाटेत जागोजागी माणूस घेत-उतरवत जायचा तो टप्पा वाहतुकीचा परवाना. राज्यात हे काम मुख्यतः एसटीचं. जीप-टॅक्सीला मिळतो तो कंत्राटी परवाना. त्यावर हात दाखवील तिथं गाडी थांबवता येत नाही. म्हणजे परवाना असलेली काळी-पिवळीही बऱ्याचदा नियमाबाहेरच चालते. पांढऱ्या प्लेटच्या खासगी गाडीकडं तर परवानाच नसतो.

विनापरवाना वाहतुकीला कलम १९२-अ खाली १० हजार रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. गाडी अडकवून ठेवायचीही सोय आहे. तरी दंड भरून तीच गाडी परत त्याच फाट्यावर दिसते. आरटीओच्या वायुवेग पथकाला सगळा जिल्हा. स्टँडपासून २०० मीटरच्या आतल्या गाड्या हटवायच्या पोलिसांनी, तक्रार करायची आगारानं. तिघांचं काम, म्हणून कुणाचंच नाही.

दुसरी बाजू बघा. जिथं मुक्कामी गाडी सोडली तर दिवसभर एसटी नाही, तिथं दवाखान्याला, कॉलेजला जायचं कशानं? नोव्हेंबर २०२१ च्या एसटी संपात सरकारनंच खासगी गाड्यांना, अगदी मालवाहू गाड्यांनाही, माणसं न्यायची मुभा दिली होती. गरज सरकारला माहीत आहे. पण लहान गाड्यांना खेडोपाडी रीतसर मार्ग, ठरलेलं भाडं आणि मोजकी माणसं अशी व्यवस्था काही झाली नाही.

याची किंमत अपघातात कळते. खासगी गाडीत भाडं घेतलं की विम्याची अट मोडते आणि कंपनी हात वर करते. न्यायालय कधी कंपनीला आधी भरपाई द्यायला आणि मग मालकाकडून वसूल करायला सांगतं, पण त्यात वर्षं जातात. परवानगीपेक्षा जास्त माणसं असतील तर कंपनीची जबाबदारी परवानगीच्या संख्येपुरतीच, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००७ चा निकाल आहे. बाकीच्यांचा भार गाडीमालकावर, आणि त्याच्याकडं बहुधा ती जीपच असते, तीही कर्जाची.

गाडीचा विमा आणि फिटनेस मुदतीत आहे का, हे एमपरिवहन अ‍ॅपवर नंबर टाकून बघता येतं. रोज पोरं ज्या गाडीनं जातात, तिचा नंबर एकदा टाकून बघा.