वृद्धांची स्मृती जोखण्याचे बदलते मार्ग: बेंगळुरूचा वाटा

बेंगळुरूमध्ये १९५४ साली अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था स्थापन झाली. १९७४ मध्ये ही संस्था आणि तिथले जुने मनोरुग्णालय यांच्या विलीनीकरणातून ‘निम्हान्स’ उभी राहिली. स्मृतिभ्रंशाची तपासणी तेव्हा कागदावरच होई. १९७५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेली ‘मिनी मेंटल स्टेट’ चाचणी पुढे जगभर रूढ झाली. तिच्यात एक वाक्य लिहायचे आणि एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन काढायचे असतात. आयुष्यात पेन्सिल न धरलेली आजी नेमकी इथे अडते, आणि शाळा न मिळाल्याचा ठपका तिच्या मेंदूवर बसतो.

हा अन्याय टाळायचा तर चाचणी माणसाच्या भाषेत आणि अनुभवात उतरवावी लागते. भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारातील मेंदू संशोधन केंद्राने २०१८ पासून कोलार जिल्ह्यातील श्रीनिवासपूर तालुक्यात पंचेचाळिशी गाठलेल्या ग्रामस्थांचा दीर्घकालीन अभ्यास हाती घेतला. त्यात भारतीय परिस्थितीला जुळवून घेतलेली ‘कॉग्निटो’ ही संगणकीय चाचणी वापरली जाते.

भाषेचा हाच विचार दूरध्वनीवरील सल्ल्यातही दिसतो: २०२२ मध्ये ‘टेली-मानस’ ही सेवा सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर भारतीय भाषांतून मानसिक आरोग्याचा सल्ला मिळतो, आणि तिचे मध्यवर्ती केंद्र निम्हान्समध्ये आहे. वृद्धांसाठीच्या प्रत्येक डिजिटल कार्यक्रमाने भाषा, अक्षरओळख, दृष्टी आणि श्रवण यांचा विचार आधी करावा, हाच या वाटचालीचा धडा.