वस्तीचा पहारा : वेशीपासून कॅमेऱ्यापर्यंत

भिवंडी म्हटले की पहिल्यांदा आठवतो तो यंत्रमागांचा खडखडाट. पण ठाण्याच्या ईशान्येस, कामवारी नदीच्या काठी वसलेले हे गाव मागांपेक्षा पुष्कळ जुने आहे. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याणबरोबर भिवंडीही घेतली, ती काही उगीच नव्हे. खाडीने येणारा माल आणि घाटावर चढणारी वाट, दोन्ही या मुलखातून जात. आज त्याच वाटेवर, मुंबई-आग्रा रस्त्याच्या दोन्ही अंगांना, गोदामांच्या रांगा लागल्या आहेत. गोदामाच्या दारावर, नव्या इमारतीच्या फाटकावर, लॉजच्या गल्ल्यापाशी, कुठेही पाहा, एक लहानसा काळा डोळा आपल्याकडे बघत असतो. त्याला आपण सीसीटीव्ही म्हणतो आणि निर्धास्त झोपतो.

वाचकहो, ही निर्धास्त झोप माणसाने किती प्रकारांनी मिळवू पाहिली, तिचा हिशेब आज मांडू या.

आपल्या जुन्या गावांना गावकूस असे आणि गावकुसाला वेस. तिन्हीसांजा उलटल्या की वेस बंद व्हायची, पहाटे उघडायची. वेशीवर वेसकर बसे. गावात कोण परका आला, कुठून आला, कोणाकडे उतरला, याची वर्दी तो पाटलाला देई. आज सोसायटीच्या फाटकावर वहीत नाव, गाव, गाडीचा नंबर लिहून घेतात ना, ते मूळचे वेसकराचेच काम. देशावर रात्रीची राखण रामोशी करीत, कुठे जागल्या असे. चोरी झालीच तर राखणदाराने चोराच्या पावलांचा माग काढायचा. माग पुढच्या गावच्या शिवेत शिरला की जबाबदारी त्या गावावर. माग लागला नाही तर भरपाई राखणदाराच्या माथी. भिवंडीत आज माग म्हणजे कापडाचा माग. पण पहाऱ्याच्या धंद्यात पायाचा माग हाच फार दिवस मोठा पुरावा होता.

या व्यवस्थेचे कौतुक करताना एक गोष्ट विसरून चालणार नाही. वेशीचे रक्षण करणारा वेसकर महार समाजाचा, आणि त्याचे घर मात्र गावकुसाबाहेर! ज्याच्या भरवशावर गाव आत झोपे, तो स्वतः उघड्यावर. दरवडा आला तर पहिला वार त्याच्यावर. १९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या कायदेमंडळात वतनाचा कायदा सुधारण्यासाठी विधेयक आणले, ते असल्याच वेठीतून माणसे सोडवण्यासाठी. ही कनिष्ठ गाव वतने रद्द करणारा मुंबई राज्याचा कायदा झाला तो १९५८ सालचा. म्हणजे मधे तीस वर्षे गेली.

गावाचे असे, तर शहराचे कसे होते? पेशवाईतल्या पुण्यात रात्री तोफ होई. तोफ झाल्यावर रस्त्यात सापडेल त्याला पकडायचे, हा कोतवालीचा नियम. १७७७ पासून घाशीराम कोतवालाच्या हाती हा अधिकार आला आणि कुंपणानेच शेत खायला सुरुवात केली. १७९१ च्या ऑगस्टअखेर काही तेलंगी ब्राह्मणांना चोर समजून एका लहानशा खोलीत कोंडलं. वारा नाही, पाणी नाही. वीसहून अधिक माणसं गुदमरून मेली. शहर खवळले आणि लोकांनी घाशीरामाला दगडांनी ठेचून मारले. पहाऱ्यावर पहारा कोणाचा, हा प्रश्न तेव्हापासून आपल्या इतिहासात उभा आहे. तो मिटलेला नाही.

मग आली कुलपे आणि तिजोऱ्या. १८९७ साली अर्देशीर गोदरेज यांनी मुंबईत लालबागला कुलपांचा कारखाना काढला आणि विलायती कुलपाची मक्तेदारी ढिली केली. परदेशात तोवर विजेने पहाऱ्यात पाऊल टाकले होते. अमेरिकेत बोस्टनजवळ ऑगस्टस पोप याने १८५३ मध्येच विजेच्या घंटेचे पेटंट घेतले होते. दार-खिडकी उघडली की विजेचा वेढा पुरा होई आणि घंटा वाजू लागे. आजच्या दारावरचा सेन्सर त्याचाच नातू. दाराला एक लोहचुंबक, चौकटीत काचेच्या नळीत दोन बारीक पट्ट्या; दार हलले, चुंबक दूर गेले, पट्ट्या सुटल्या, की भोंगा!

घरासाठी दूरचित्रवाणीचा डोळा प्रथम कोणी मागितला असेल? एका परिचारिकेने. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणाऱ्या मेरी ब्राऊन हिच्या कामाच्या वेळा अवेळी. वस्तीत गुन्हे फार, आणि पोलीस येता येता उशीर. तिने आणि तिच्या नवऱ्याने १९६६ साली पेटंटचा अर्ज केला. ते १९६९ मध्ये मिळाले. दाराला वरपासून खालपर्यंत चार भोके, त्यांमागे सरकणारा कॅमेरा, आतल्या खोलीत पडदा, दाराबाहेरच्या माणसाशी बोलायची सोय, आणि माणूस ओळखीचा निघाला तर बसल्या जागी दार उघडायचे बटण. आपल्या सोसायटीतला व्हिडिओ-डोअरफोन आणि यात फरक तो किती?

हॉटेलाची गोष्ट जरा निराळी. घराची किल्ली घरच्यांकडे असते. हॉटेलाच्या खोलीची किल्ली आज एकाकडे, उद्या दुसऱ्याकडे. मधल्या मधे कोणी तिची नक्कल केली तर? १९७४ साली न्यूयॉर्कजवळच्या एका मोटेलात एका प्रसिद्ध गायिकेच्या खोलीत शिरून तिच्यावर अत्याचार झाला. प्रकरण कोर्टात गेलं आणि हॉटेलवाल्यांना आपल्या कुलपांचा विचार करावा लागला. त्याच सुमारास नॉर्वेच्या टोर सोर्नेस याने भोकांच्या कार्डाचे कुलूप तयार केले. कार्डावर ३२ जागा. प्रत्येक जागी भोक असेल किंवा नसेल. एवढ्यानेच जुळण्या होतात ४२९ कोटींहून अधिक! नवा पाहुणा आला की नवी जुळणी. जुने कार्ड खिशात राहिले तरी निकामी. पुढे भोकांच्या जागी चुंबकीय पट्टी आली, मग चिप आली. युक्ती मात्र तीच राहिली.

यंत्राची थोरवी सांगितली. आता मर्यादाही सांगायला हवी. २६ नोव्हेंबर २००८ रोजी समुद्रमार्गे आलेल्या दहा हल्लेखोरांनी मुंबईत १६६ माणसांचे प्राण घेतले. ताजमधल्या कॅमेऱ्यांनी हल्लेखोरांना टिपले. थांबवणे हे कॅमेऱ्याचे कामच नव्हे. त्या रात्री पाहुण्यांना मागच्या वाटांनी बाहेर काढले ते हॉटेलच्या कर्मचाऱ्यांनी, आणि त्यांतल्या कित्येकांनी त्यासाठी जीव दिला. पुढे २०१६ पर्यंत मुंबईच्या रस्त्यांवर पोलिसांचे चार हजारांहून अधिक कॅमेरे बसले.

टिपलेले चित्र जपले नाही तर काय होते, तेही पाहा. २०१० साली वाराणसीच्या एका हॉटेलात एका इटालियन प्रवाशाचा मृत्यू झाला आणि त्याच्या दोघा सोबत्यांना खुनासाठी जन्मठेप झाली. हॉटेलात कॅमेरे होते. चित्रण मात्र कोर्टापुढे आलेच नाही. २०१५ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की चांगल्यातला चांगला पुरावा हाताशी असून तो आणला नाही, याचा अर्थ सरकारपक्षाच्या विरुद्ध घ्यावा लागेल. आणि दोघांना सोडले. कॅमेऱ्याच्या चित्रणावर कोणाची सुटका किंवा जन्मठेप अवलंबून असू शकते, हे ते बसवणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

आता पुन्हा भिवंडीकडे वळू. १९७० च्या मे महिन्यात शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून इथे दंगल पेटली. न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने तिची चौकशी केली. १९८४ च्या मे महिन्यात पुन्हा आग भडकली; भिवंडी, ठाणे, मुंबई मिळून दोनशेंहून अधिक माणसे गेली. अशा वेळी कुलूप काय करील आणि घंटा काय करील? दार फोडणारा अनोळखी चोर नसतो. कधी तो पलीकडच्या गल्लीतला असतो.

१९८८ मध्ये सुरेश खोपडे हे पोलीस उपायुक्त म्हणून भिवंडीत आले. त्यांनी गावात सुमारे सत्तर मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही धर्मांची साधी माणसे आणि त्या भागाचे पोलीस ठरावीक वेळाने एकत्र बसत. विषय काय, तर नळाचं भांडण, पोरांची मारामारी, एखादी उठलेली अफवा. भांडण लहान असतानाच मिटवायचे, हा बेत. ६ डिसेंबर १९९२ नंतर मुंबईत सुमारे नऊशे माणसे मारली गेली. भिवंडी मात्र शांत राहिली. खोपड्यांनी पुढे यावर पुस्तक लिहिलं, त्याचं नावच ‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’ मुंबईतही नंतर अशा समित्या निघाल्या.

पण हा पहाराही आपोआप चालत नाही. जुलै २००६ मध्ये पोलीस ठाण्याच्या जागेवरून भिवंडीत पुन्हा हिंसा झाली. मेलेल्यांत दोन पोलीस शिपायी होते. कॅमेऱ्याची काच जशी पुसावी लागते, तशी शेजाऱ्यांची बैठकही भरवत राहावी लागते. आणि २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे भिवंडीत एक तीन मजली इमारत झोपलेल्या माणसांवर कोसळली. किमान ३८ जण दगावले. चोरावर डोळा ठेवणारे आपण खांबाच्या भेगेकडे कितीदा बघतो?

फाटकावरच्या माणसाचीही आठवण ठेवू या. महाराष्ट्राने १९८१ साली खाजगी सुरक्षा रक्षकांच्या नोकरीसाठी आणि कल्याणासाठी कायदा केला. २००५ साली केंद्राने सुरक्षा एजन्सींसाठी केला. कायदा झाला म्हणून वेसकराचे दुखणे संपले असे समजू नये. आपल्याला लखलखत्या इमारतीत सुखाने झोपवून पहाटे जो घरी जातो, त्याच्या खोलीला धड कडी तरी आहे का?

म्हणून वाचकहो, सोसायटीच्या पुढच्या सभेत नव्या कॅमेऱ्याचा ठराव येईल तेव्हा जरूर हात वर करा. पण सोबत चार प्रश्न विचारा. चित्रण किती दिवस राहते? ते बघायचा हक्क कोणाला, आणि शेजाऱ्याची लेक किती वाजता घरी आली हे गप्पांसाठी बघणाऱ्याला कोण अडवणार? इमारतीची तपासणी शेवटची कधी झाली? आणि रात्रपाळीच्या पहारेकऱ्याला पगार, पाणी आणि बसायला जागा नीट मिळते ना? उत्तरे मिळाल्यावर ठराव मंजूर करा, आणि घरी जाताना समोरच्या दाराची घंटा वाजवून शेजाऱ्याचं नाव विचारून घ्या.