बहात्तरचा दुष्काळ आणि आभाळातली मोजणी

बहात्तरच्या दुष्काळाच्या गोष्टी आमच्या वडुजात अजून संपत नाहीत. मिलो ज्वारीची तांबडी भाकरी, कामावर मिळणारी सुकडी, खडी फोडून सोलवटलेले हात. खटाव-माण तालुक्यांतले कितीतरी पाझर तलाव आणि नालाबांध अशाच दुष्काळी कामांतून उभे राहिले.

भूगोल शिकवताना मी एक तारीख मुद्दाम फळ्यावर लिहायचो, २३ जुलै १९७२. इकडे पेरण्या वाया चालल्या होत्या आणि त्या दिवशी अमेरिकेने लँडसॅट-१ हा उपग्रह सोडला. दर १८ दिवसांनी तो त्याच पट्ट्यावरून जायचा. त्याच्या चित्रातला एक ठिपका ८० मीटर बाजूचा, म्हणजे आपल्या हिशेबाने सुमारे एक एकर तेवीस गुंठे. एवढ्यात एखादा लहान पाझर तलाव हरवायचा! १७ मार्च १९८८ला आपला आयआरएस-१ए गेला. आज युरोपच्या सेंटिनेल-२चा ठिपका १० मीटरचा आहे. एक ठिपका, एक गुंठा.

पाणी निकट-अवरक्त प्रकाश गिळतं, म्हणून त्या चित्रात तलाव काळा दिसतो.   

येरळवाडी, मायणी, नेर या आमच्याकडच्या तलावांचा काठ वरून चोख कळतो. गाळ किती साचलाय ते मात्र कळत नाही. चार फूट पाणी आणि वीस फूट पाणी सारखंच काळं. शिवाय इंग्रजी अमदानीतल्या नेर तलावात आता जिहे-कठापूर योजनेतून कृष्णेचं पाणी उपसून येतं. भर उन्हाळ्यात तलाव भरलेला दिसला तर तो पावसाने भरला की पंपाने, हे उपग्रह कुठून सांगणार? तेवढ्यावर दुष्काळ हटल्याचं छापणाऱ्यांनी आधी विजेचं बिल मागावं.

लँडसॅटची जुनी चित्रं २००८पासून फुकट मिळू लागली. पावसाळ्यात ढग आडवे येतात, म्हणून खटाव-माणच्या शिक्षकांनी आपापल्या तलावाची मे महिन्याची चित्रं सालवार काढावीत आणि त्या त्या सालची हकीकत गावातल्या जुन्या माणसांकडून शेजारी लिहून घ्यावी. बहात्तरला खडी फोडलेली माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत. आधी त्यांच्याकडे जा, चित्रं नंतरही मिळतील.