शेल्डनला व्यवहार कळतो

‘द बिग बँग थिअरी’ संपली, तरी शेल्डन कूपरवरचा खटला काही मिटत नाही. आरोपपत्र साधारण असं : २००७ ते २०१९ या काळात, तब्बल २७९ भागांतून, या अमेरिकी मालिकेनं जगाला शास्त्रज्ञाची टिंगल करायला शिकवलं. टेक्ससमधल्या गॅल्व्हेस्टनचा, पॅसाडीनाच्या कॅलटेकमध्ये सैद्धांतिक भौतिकी करणारा हा माणूस बुद्धीनं अचाट आणि व्यवहारात शून्य. डोकं जितकं मोठं तितकी माणसांची समज तोकडी, हा जुनाच समज मालिकेनं घरोघर पोहोचवला. साधा प्रेक्षक असं काही म्हणत नाही. तो हसून मोकळा होतो. म्हणतात ती शिकलीसवरलेली, विज्ञानाची कळकळ असलेली माणसं. तेव्हा हा पूर्वपक्ष हलका समजून चालणार नाही.

शिवाय त्याचं घराणं जुनं आहे. इसवी सनापूर्वी ४२३ साली अथेन्समध्ये ॲरिस्टोफेनिसचं ‘मेघ’ हे नाटक झालं. त्यात सॉक्रेटिस टोपलीत बसून अधांतरी लोंबकळतो आणि त्याच्या विचारशाळेत पिसवेची उडी पिसवेच्याच पावलांनी मोजतात. पुढे खऱ्या खटल्यात, आपल्याविषयीचं लोकांचं मत अशा नाटकानं आधीच कलुषित केलं आहे, असं सॉक्रेटिस म्हणाल्याचं प्लेटोनं लिहून ठेवलं आहे. १७५८ साली रूसोनं दालांबेरला लिहिलेल्या पत्रात मोलिएरला याच कारणासाठी धारेवर धरलं : ‘ल मिझांत्रोप’मधला आल्सेस्त खरं बोलणारा सरळ माणूस, त्याला हास्यास्पद करून मोलिएरनं सद्गुणालाच हास्यास्पद केलं. रूसोच्या तक्रारीत सद्गुणाच्या जागी विद्वत्ता घातली की शेल्डनवरची टीका हातात तयार.

पण पात्राला हसणं आणि त्याच्या विद्येला हसणं यांतला फरक तपासायला एक सोपी कसोटी आहे : नाटकात ती विद्या खोटी ठरते का? ‘मेघ’मध्ये ठरते. तिथला सॉक्रेटिस चक्क भोंदू आहे. शेल्डनच्या दिवाणखान्यातला पांढरा फळा मात्र खरा आहे. त्यावरची समीकरणं यूसीएलएचे भौतिकीचे प्राध्यापक डेव्हिड साल्ट्झबर्ग पुरवत. अंटार्क्टिकावर फुग्यातून उपकरणं सोडून न्यूट्रिनोंचा माग काढणारा हा गृहस्थ. विद्येची टर उडवायची तर इतका उपद्व्याप कोण करेल?

यावर कोणी म्हणेल, प्रेक्षकाला फळा कुठे वाचता येतो? त्याला नुसतं अगम्य काहीतरी दिसतं आणि तो त्या अगम्यालाच हसतो. म्हणून न कळणाऱ्या विज्ञानाचं उदाहरण बाजूला ठेवू, कळणाऱ्याचं घेऊ. मालिकेच्या दुसऱ्याच भागात सुपरमॅनचा विषय निघतो. हेलिकॉप्टरमधून पडणाऱ्या लुईस लेनला तो झेपावून अलगद झेलतो, ते शेजारच्या पेनीला फार आवडतं. शेल्डन शांतपणे हिशेब मांडतो. ती दर सेकंदाला सेकंदाला बत्तीस फूट वेगवाढीनं खाली येते आहे, वेग ताशी १२० मैलांवर गेला आहे, आणि खाली दोन पोलादी हात पसरलेले. बाईचे सरळ तीन समान तुकडे होतील. शेल्डनबरोबर राहणारा लेनर्ड सुचवतो की सुपरमॅन तिच्या वेगाशी वेग जुळवून मग हळूहळू थांबवेल. त्यावर शेल्डन विचारतो, थांबवायला जागा कुठे आहे? जमीन तर दोन फुटांवर आली! इथे हशा पिकतो तो भौतिकी बरोबर आहे म्हणून. थांबायला अंतर लागतं आणि ते नसेल तर पोलादी हात आणि फरशी यांत पडणाऱ्याच्या दृष्टीनं काही फरक नाही, हे ज्याला क्षणात उमगलं तोच हसला. शाळेत गतीची समीकरणं पाठ करून विसरलेला प्रेक्षक इथे वीस सेकंदांत त्यांचा अर्थ लावतो आणि त्याला आपण काही शिकलो याचा पत्ताही नसतो.

आता आरोपाचं दुसरं कलम, आणि माझ्या मते खरा घोळ इथेच आहे : शेल्डनला व्यवहार कळत नाही. मी म्हणतो, त्याच्याइतका व्यवहार त्या मालिकेत कुणालाच कळत नाही. कुणी दुःखात असेल तर गरम पेय द्यावं, हा रिवाज तो न चुकता पाळतो. एकत्र राहण्याच्या अटी बाकीचे गृहीत धरतात, तो त्यांचा करारनामा करतो.

२००८ च्या नाताळाचा भाग बघा. पेनी सहज सांगते की तुझ्यासाठी भेट आणली आहे, आणि शेल्डन हवालदिल होतो. त्याच्या लेखी तिनं भेट दिलेली नसून डोक्यावर देणं चढवलं आहे; आता तितक्याच मोलाची परतभेट आली. पण मोल आधी कळणार कसं? तो दुकानातून लहानमोठ्या आकारांच्या साबण-अत्तरांच्या टोपल्या उचलून आणतो. बेत असा की तिची भेट उघडायची, पोट बिघडल्याचं निमित्त करून आत सटकायचं, किंमत बघायची, त्या तोलाची टोपली बाहेर आणायची आणि उरलेल्या दुकानात परत करायच्या. हा बेत अव्यवहारी माणसाचा? मार्सेल मोस या फ्रेंच समाजशास्त्रज्ञानं १९२५ साली दानावरचा आपला प्रसिद्ध निबंध लिहिला, त्याचं सार हेच : देणं, स्वीकारणं आणि फेडणं ही तिन्ही बंधनं असतात, वरून कितीही ऐच्छिक दिसोत. आणि आपल्याला तर मोसही वाचायला नको. मांडवात पाकिटं घेऊन आहेराची वही लिहीत बसलेला एक मेहुणा प्रत्येक लग्नात असतो. पाच वर्षांनी समोरच्यांकडे कार्य निघालं की ती वही कपाटातून निघते आणि ‘त्यांनी आपल्याकडे काय केलं होतं?’ असं विचारून मगच पाकिटात नोटा जातात. शेल्डन फक्त ही वही भर दिवाणखान्यात उघडतो. आपण हसतो ते आपलं गुपित फुटलं म्हणून.

पुढे पेनी त्याला देते तो एक कागदी रुमाल, लेनर्ड निमॉयची सही असलेला आणि त्यानं तोंड पुसलेला. निमॉयनं साकारलेला स्टार ट्रेकचा स्पॉक म्हणजे शेल्डनचं दैवत. तो आत जातो आणि सगळ्या टोपल्या घेऊन येतो, तरी देणं फिटत नाही म्हणून कासावीस होतो आणि अवघडून तिला मिठी मारतो. हिशेब पुरा पडत नाही, हेही हिशेब मांडणाऱ्यालाच कळतं.

काही सुशिक्षित टीकाकार इथे वैद्यकशास्त्राकडे वळतात : हा स्वमग्नतेच्या पट्ट्यातला माणूस, त्याला हसणं क्रूर आहे. निर्माते चक लोरी आणि बिल प्रेडी यांनी त्याला असं कोणतंही निदान चिकटवायचं टाळलं, आणि ते बरंच केलं. निदानाची चिठ्ठी लावली की त्याचं प्रत्येक बोलणं लक्षण ठरतं आणि ते खरं की खोटं हे तपासायची गरजच उरत नाही.

विज्ञान म्हणजे चमत्कार, असंही मालिका दाखवत नाही. उत्तर ध्रुवाकडे चुंबकीय एकध्रुव शोधायला गेलेल्या शेल्डनला मिळालेली नोंद त्याच्याच मित्रांनी विजेच्या डबा-उघडणीनं तयार केलेली निघते आणि जाहीर केलेला शोध मागे घ्यावा लागतो. २०१३ च्या भागात त्याच्या गणितावरून चिनी चमूला जड मूलद्रव्य सापडतं, जयजयकार होतो, आणि मग त्याच्या ध्यानात येतं की आपण चौरस सेंटिमीटर आणि चौरस मीटर यांत गफलत केली होती. आकडा दहा हजार पटींनी चुकलेला, तरी कौतुक चालूच. फुकटचं श्रेय त्याला पचत नाही. प्रयोगशाळेत काम केलेल्या कुणालाही ही अस्वस्थता ओळखीची वाटेल.

मालिका निर्दोष आहे असं मी म्हणणार नाही. सुरुवातीच्या पर्वांत वैज्ञानिक स्त्री म्हणजे लेस्ली विंकल, आणि मग जवळजवळ शुकशुकाट. एमी आणि बर्नाडेट यायला तिसरं पर्व लागलं. मित्रमंडळीतल्या दिल्लीच्या राजेशवरचे विनोद बऱ्याचदा आळशी आहेत. शेल्डनची बदनामी झाली म्हणून गळा काढणाऱ्यांनी हे मात्र सहज नजरेआड केलं.

माझी मोठी तक्रार शेवटच्या पर्वाची. शेल्डन आणि त्याची बायको एमी यांचा अतिअसममितीचा काल्पनिक सिद्धांत फर्मीलॅबच्या दोघांच्या प्रयोगात, त्यांच्या ध्यानीमनी नसताना, खरा ठरतो. नोबेल कुणाला? प्रश्न अस्सल होता. लेखकांनी मात्र त्या दोघांपैकी एकाची जुनी वाङ्मयचोरी उकरून काढली, दोघांना वाटेतून दूर केलं आणि सुटका करून घेतली. मालिकेचं नावच ज्या सिद्धांताचं, त्याच्या इतिहासात अशा अवचित शोधाचं सरळ उदाहरण पडलेलं होतं. १९६५ साली पेन्झियस आणि विल्सन या रेडिओ-खगोलशास्त्रज्ञांना ॲन्टेनातली खरखर काही केल्या जाईना. त्यांनी आतली कबुतरांची घाणसुद्धा साफ केली. ती खरखर निघाली विश्वजन्माच्या उष्णतेचा अवशेष. फ्रेड हॉइल आणि आपले जयंत नारळीकर ज्या स्थिर विश्वाची बाजू लढवत होते, तिला सर्वांत मोठा धक्का बसला तो याच अवशेषानं. शोधायला न गेलेल्या त्या दोघांना नोबेल मिळालं १९७८ मध्ये. त्या खरखरीचा अर्थ लावणाऱ्या प्रिन्स्टनच्या जिम पीबल्स यांना त्यासाठी २०१९ च्या ऑक्टोबरपर्यंत थांबावं लागलं, म्हणजे शेल्डनला पडद्यावर नोबेल मिळाल्यानंतर पाच महिने.